तलावाकाठचा 'आजचा' इशारा: मिशिगन सरोवर, खडकवासला आणि आपण

मुठाकाठची

मंडळी, एका विषयावर तुमची मतं हवी आहेत. जरा लांबण लागेल, पण वाचा.

खडकवासल्याच्या चौपाटीवर पाण्याकडे उतरताना एक पाटी लागते. 'पाण्यात उतरू नये. धोका.' मे महिन्यात पाणी तळाला गेलेलं असतं तेव्हाही तीच, जुलैत दरवाजे उघडलेले असतात तेव्हाही तीच. 'धोका'मधल्या काना-मात्रांचा रंग उडालाय आणि खालच्या ओळीवर कुणाच्या तरी क्लासची जाहिरात चिकटली आहे. लोक त्या पाटीला टेकून कणसं खातात आणि मग पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात जातात. पाटी वाचत नाहीत असं नाही. ती वाचून आजचं काहीच कळत नाही.

माझा भाऊ अमेरिकेत मिशिगन राज्यात, ग्रँड हेवनजवळ राहतो. उन्हाळ्यात त्याच्याकडे राहून आले, तेव्हापासून हा विषय डोक्यात आहे. मिशिगन सरोवर सुमारे ५०० किलोमीटर लांब, पलीकडचा काठ दिसत नाही. भरती-ओहोटी जवळपास नाही, पाणी गोडं. बघणाऱ्याला वाटतं, तलावच तर आहे, इथे कसली आलीय ओढ! पण 'ग्रेट लेक्स' म्हणतात त्या पाच मोठ्या सरोवरांमध्ये मिळून २०१० पासून हजारावर माणसं बुडाली आहेत, आणि सगळ्यात जास्त मिशिगन सरोवरात.

तिथे रिप करंट, म्हणजे काठापासून बाहेर ओढून नेणारा प्रवाह, तयार होतो तो वाऱ्याच्या लाटांमुळे. किनाऱ्याला समांतर, पाण्याखाली वाळूचे लांब बांध असतात. लाटा त्यांच्यावरून पाणी आत लोटत राहतात आणि ते पाणी बांध आणि किनारा यांच्यामध्ये साठतं. बांध जिथे खचलेला असेल तिथून ते परत सरोवराकडे धावतं. भरलेल्या भातखाचराचा बांध एका जागी फुटला की सगळं पाणी तिकडेच वळतं ना, तसंच. आणि घात असा की त्या फटीवर लाटा फुटत नाहीत. दोन्ही बाजूंना फेस आणि मध्ये सपाट, शांत पट्टा. लहान मुलाला घेऊन आलेले आईबाप नेमका तोच पट्टा निवडतात.

आता मुद्द्याचं. उन्हाळाभर तिथल्या राष्ट्रीय हवामान सेवेची स्थानिक कार्यालयं रोज किनाऱ्यांचा अंदाज देतात. लाटा किती फुटांच्या, वारा कुठून, पाणी किती गार आणि पोहण्याचा धोका कमी, मध्यम की जास्त. लाटा तीन-चार फुटांच्या पुढे जाणार असतील तर वेगळा इशारा निघतो. त्याप्रमाणे किनाऱ्यावर हिरवा, पिवळा किंवा लाल झेंडा चढतो. दोन लाल झेंडे एकत्र दिसले की पाण्यात जायचं नाही. राज्याच्या उद्यानांत ही बंदी मोडली तर ५०० डॉलरपर्यंत दंड. या उद्यानांच्या किनाऱ्यांवर जीवरक्षक नसतात, पण झेंडा असतो. माझी वहिनी सकाळी डबे भरायच्या आधी फोनवर तो अंदाज बघते. मुलं विचारतात, 'आज कोणता?'

आपल्याकडे शिवाजीनगरला हवामान खात्याचं कार्यालय आहे, पाषाणला आयआयटीएम ही हवामान संशोधन संस्था आहे, आणि खुद्द खडकवासल्याला १९१६ साली सुरू झालेलं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे, जिथे देशभरातल्या बंदरांच्या लाटा आणि प्रवाहांचा अभ्यास होतो. इतकं सगळं आपल्या गावात असताना, रविवारी सकाळी 'आज पाण्याजवळ जायचं का' हे सांगणारी एक ओळ का नसावी?

---

रविवारचा_भटक्या

ताई, तळमळ कळते, पण लोक ऐकत नाहीत हो. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या वरच्या धबधब्यात हडपसरचं कुटुंब वाहून गेलं. पाच जण. त्याचा व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर होता. जमावबंदी लागली, पोलिस उभे राहिले. तरी पुढच्याच रविवारी एक्स्प्रेस-वेवर रांगा. व्हिडिओ बघून जे थांबत नाहीत ते झेंडा बघून थांबणार?

दंड करा, गाड्या उचला. दुसरी भाषा कळत नाही.

---

सांडवा

मी पाटबंधारे खात्यात नोकरी करून निवृत्त झालो, बरीचशी वर्षं धरणांवरच काढली. दोन गोष्टी स्पष्ट करतो.

पहिली. मुठाकाठची यांनी सांगितलेला रिप करंट आपल्या धरणात होत नाही. त्याला मोठा मोकळा पाणपसारा लागतो, ज्यावरून वारा लांबवर वाहील आणि लाटा उठतील. शिवाय उतरता वाळूचा किनारा लागतो. आपले जलाशय म्हणजे डोंगरांमधल्या अरुंद दऱ्या. खडकवासल्यात पश्चिमेचा वारा जोरात असला तर पाणी हिंदकळतं, पण माणूस ओढून नेईल असं नाही. त्यामुळे तो शब्द जसाच्या तसा इथे आणू नका, लोक भलत्याच गोष्टीला घाबरतील आणि खऱ्या गोष्टीकडे दुर्लक्ष करतील.

दुसरी, खरी गोष्ट. इथे माणूस कशाने बुडतो? उन्हाळ्यात पाणी खाली जातं तेव्हा काठ उघडा पडतो, तो गाळाचा. वरून वाळून भेगाळलेला दिसतो, पाण्याच्या कडेला पाय टाकला की पोटरीपर्यंत आत. पाय काढायला गेलं की दुसरा रुततो आणि माणूस पुढे पडतो. धरणाच्या पाण्याखाली जुनी गावं आहेत, शेताचे बांध आहेत, विहिरी आहेत. बांधावर उभं राहिलं तर पाणी कमरेला आणि पुढचं पाऊल थेट डोक्यावरून. पानशेत-वरसगावच्या बाजूला बाभळीची खोडं पाण्याखाली तशीच उभी आहेत, त्यात ओढणी, साडी अडकते. आणि बहुतेक जणांना पोहता येत नसतं; एकाला वाचवायला दुसरा जातो, दुसऱ्याला वाचवायला तिसरा. मे २०२३ मध्ये गोऱ्हे खुर्दजवळ मुली अशाच एकीमागून एक बुडायला लागल्या होत्या. काठावर असलेल्या गावकऱ्यांनी सात जणींना बाहेर काढलं. दोघी गेल्या.

भटक्या साहेब, तुमच्या भुशीच्या उदाहरणात हवामानाचाच प्रश्न होता. ती माणसं उभी राहिली तेव्हा पाणी कमी होतं. वर डोंगरात पाऊस पडला आणि लोंढा आला. तिथे 'आजचा' इशारा उपयोगी पडला असता की नाही, तुम्हीच विचार करा.

---

सरोवराकाठी

विस्कॉन्सिनमधून लिहिते आहे, मूळची कोथरूडची. धागा वाचून राहवलं नाही.

इथे ४ जुलै २००३ हा दिवस अजूनही शिकवला जातो. मिशिगन सरोवराच्या आग्नेय किनाऱ्यावर, वॉरेन ड्यून्स नावाच्या उद्यानाच्या आसपास, त्या एका दिवशी सात जण बुडाले. सुट्टीचा दिवस, प्रचंड गर्दी. सकाळी वादळ आलं, लोक बाहेर पडले. वादळ गेलं, ऊन पडलं, वारा पडला, लाटा बसल्या. लोक परत पाण्यात गेले आणि तेव्हा ओढ सुरू झाली.

कारण पुढे संशोधकांनी शोधलं. वेगाने सरकणाऱ्या वादळाखाली हवेचा दाब एकदम बदलतो आणि वारा पाण्याला ढकलतो, त्यातून सरोवरात एक लांब लाट उठते. तिला हवामानी त्सुनामी म्हणतात. उंची जेमतेम फूटभर, डोळ्यांना दिसतही नाही. पण तिने लोटलेलं पाणी परत फिरताना जो प्रवाह होतो तो वादळ विरल्यावरही तासाहून अधिक टिकू शकतो. म्हणजे आकाश बघून अंदाज बांधणारा माणूस फसणारच. इथे अंदाज लागतो तो नेमका याच ठिकाणी, जिथे डोळा पुरत नाही.

आणखी एक, धक्क्यांबद्दल. ग्रँड हेवनला, साउथ हेवनला सरोवरात लांबवर गेलेले काँक्रीटचे धक्के आहेत, टोकाला दीपगृह. लाटा तिरप्या आल्या की पाणी किनाऱ्याकडेने वाहत येतं, धक्क्याला अडतं आणि त्याच्या कडेने बाहेर वळतं. वाळूच्या बांधातली फट आज इथे तर उद्या तिथे. धक्का मात्र जागचा हलत नाही, त्यामुळे हा धोका कुठे असणार हे आधीच माहीत असतं. म्हणून धक्क्यांवर ठरावीक अंतराने खांबाला नारिंगी-पांढरी रिंग टांगलेली असते. मुलांना शाळेतच सांगतात: धक्क्याजवळ पोहायचं नाही, धक्क्यावरून उडी मारायची नाही.

---

ढगांचा_नकाशा

हवामानाच्या प्रतिरूपांवर, म्हणजे संगणकावरच्या मॉडेल्सवर, काम करतो (पुण्यातच). अंदाज कसा निघतो ते थोडक्यात सांगतो, कारण त्यातच त्याची मर्यादाही आहे.

पूर्वी अमेरिकेतही हे काम अंदाजकाराच्या अनुभवावर चालायचं. लाटांची उंची, दोन लाटांमधला वेळ, त्या किनाऱ्याला काटकोनात येतात की तिरप्या, वारा, भरतीची वेळ, हे सगळं बघून माणूस 'कमी, मध्यम, जास्त' ठरवायचा. २०२१ मध्ये नोआने (अमेरिकेची सागर आणि हवामान संस्था) समुद्रकिनाऱ्यांसाठी नवं प्रतिरूप सुरू केलं. ते तासागणिक, सहा दिवस पुढपर्यंत, रिप करंटची शक्यता टक्क्यांत देतं. त्यामागे किनाऱ्यावरच्या जीवरक्षकांनी रोज नोंदवलेली निरीक्षणं आहेत: आज ओढ होती का, किती होती. ती वही नसती तर गणित कशाशी ताडून बघणार?

मर्यादा अशी की गणिताला लाटा कळतात, पण आज वाळूचा बांध नेमका कुठे खचलाय ते कळत नाही. रात्रीच्या एका वादळात तो बदलतो. म्हणून अंदाज 'या पट्ट्यात आज धोका जास्त' इथवर येतो. 'या खांबापासून दहा पावलांवर' हे सांगायला काठावर उभा असलेला माणूसच लागतो. फेस बाहेरच्या दिशेने जातोय का, पाण्याचा रंग गढूळ किंवा गडद दिसतोय का, लाटांच्या रांगेत खिंडार आहे का, हे त्यानेच बघायचं.

आपल्या समुद्रासाठी हैदराबादचं इन्कॉइस हे सागरी माहिती केंद्र उंच लाटांचे आणि दूरवरून येणाऱ्या लांब लाटांचे इशारे देतं. हवामान खातं पावसाचे रंगीत इशारे आणि पुढच्या तीन तासांचा तत्काळ अंदाज देतं. माहिती बऱ्यापैकी आहे. ती भुशीच्या पायऱ्यांवर उभ्या असलेल्या माणसापर्यंत पोचत नाही.

---

आईच_ती

सगळं वाचलं. मला एकच सांगा, माझी मुलगी पोहायला शिकली आहे, टिळक तलावावर रोज जाते. पुढच्या महिन्यात कॉलेजची सहल दिवेआगरला आहे. अशा ओढीत सापडली तर तिने काय करायचं?

---

विहिरीतला_पोहणारा

ताई, पहिलं हे तिच्या मनावर बिंबवा की ही ओढ माणसाला खाली खेचत नाही, बाहेर नेते. बुडतो तो घाबरून आणि दमून. काठाकडे तोंड करून सरळ पोहायला लागलं की संपलं, कारण प्रवाह जोरात असला तर सेकंदाला दोन मीटरच्या वर जाऊ शकतो. ऑलिंपिकचा पोहणाराही त्याला हरवू शकत नाही.

उताणं व्हायचं. कान पाण्यात, हनुवटी वर, छातीत हवा. तरंगत राहायचं. श्वास लागला की मग बघायचं की पाणी कुठे नेतंय. ओढ ढिली वाटली की किनाऱ्याला समांतर, मग तिरपं, फुटणाऱ्या लाटांच्या दिशेने काठाकडे यायचं. जमत नसेल तर तरंगत राहून एक हात वर हलवायचा आणि ओरडायचं.

आम्ही लहानपणी पाठीला डबा बांधून विहिरीत शिकलो, तेव्हा पहिल्यांदा उताणं पडायलाच शिकवायचे. हल्ली तलावांवर थेट हात मारायला लावतात, स्पर्धेसाठी. मुलं पन्नास मीटर झपाट्याने जातात, पण पाच मिनिटं नुसतं तरंगत राहा म्हटलं की धडपडतात. तिला या महिन्यात तेवढंच करायला लावा. कपड्यांसकट. सहलीला मुली पंजाबी ड्रेसमध्येच पाण्यात जातात आणि भिजलेल्या ओढणीचं वजन किती होतं ते आधी कळलेलं बरं.

---

सरोवराकाठी

@विहिरीतला_पोहणारा, +१. इथेही हेच तीन टप्प्यांत शिकवतात: उताणं व्हा, तरंगा, मग पाणी कुठे नेतंय ते बघून वागा. पूर्वी फक्त 'समांतर पोहा' सांगायचे. नंतर समुद्रातल्या मोजमापांत दिसलं की बरेच प्रवाह गोल फिरून परत उथळ पाण्यात येतात. तिथे चुकीच्या बाजूला समांतर पोहलं तर पुन्हा ओढीतच शिरायला होतं. पण सगळेच फिरून येत नाहीत, काही सरळ बाहेर जातात. म्हणून एकच ठाम नियम कुणी देत नाही. तरंगणं मात्र दोन्हीकडे कामी येतं.

---

किनारपट्टी

मी मुरूडच्या बाजूचा, सध्या नोकरीसाठी चिंचवडला. दिवेआगरचं नाव निघालं म्हणून लिहितो.

१ फेब्रुवारी २०१६ ला पुण्याहून सहलीला आलेली कॉलेजची मुलं आमच्या किनाऱ्यावर बुडाली. डझनाहून जास्त. त्या दिवशी आमच्या गावातले होडीवाले किनाऱ्यावर ज्या धावपळीत होते ते विसरता येत नाही. पुण्याची मंडळी येतात तेव्हा त्यांच्याकडे हॉटेलचं बुकिंग असतं, माशाच्या थाळीचा पत्ता असतो, फक्त ओहोटी किती वाजता आहे ते माहीत नसतं. आमच्याकडे घरातली बाईसुद्धा तिथी सांगितली की भरतीची वेळ सांगते. तुम्ही येताय त्या दिवसाची वेळ खानावळीत, रिसॉर्टच्या काउंटरवर, कुणालाही विचारा. सांगतील. पण विचारा.

ओहोटी लागली की पाणी जिथून परत जातं तिथे खळगे तयार होतात. काशीदला तर किनारा झपकन खोल होतो. आमचे कोळी पाण्याकडे बघून 'आज ओढ आहे' म्हणतात तेव्हा कुणी शहाणपणा करू नये. ताई, मुलीला सांगा, जिथे स्थानिक पोरं पोहत नाहीत तिथे उतरायचं नाही. आणि सहलीच्या शिक्षकांना आधीच फोन करून विचारा की त्या दिवशी ओहोटी कधी आहे. त्यांना उत्तर देता आलं नाही तर तुम्हाला जे कळायचं ते कळेल.

---

आईच_ती

तुम्हा तिघांचे मनापासून आभार. शिक्षकांना उद्याच फोन करते. तरंगायचा सराव आजपासून.

---

मुठाकाठची

सांडवा काका, तुमचा प्रतिसाद फार मोलाचा. रिप करंट इथे नाही हे पटलं. माझं म्हणणं एवढंच आहे की तिथे रोज सकाळी कुणीतरी बघतं, ठरवतं आणि सांगतं. धोका कोणता हे जागेप्रमाणे बदलेल, पण 'आज' हा शब्द तिथल्या पाटीवर आहे आणि आपल्या पाटीवर नाही.

आपल्या धरणांसाठी रोज सांगता येईल असं काय काय आहे? तुम्हीच सांगा.

---

सांडवा

बरंच आहे. खडकवासला जेमतेम दोन टीएमसीचं (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट) धरण. वरच्या पानशेत, वरसगाव आणि टेमघरमध्ये मिळून सत्तावीस टीएमसीच्या आसपास पाणी मावतं. वरची धरणं भरली की त्यांचं पाणी खाली येतं आणि खडकवासल्याला ते साठवायला जागाच नसते, लगेच मुठेत सोडावं लागतं. विसर्ग किती वाढवणार हे आम्हाला काही तास आधी अंदाजे कळलेलं असतं, कारण वरचा पाऊस आणि येवा (धरणात येणारं पाणी) मोजला जात असतो. हे आकडे प्रसिद्ध होतात. पण 'विसर्ग १३,००० क्युसेकवरून २२,००० क्युसेक' असं वाचून नदीपात्रात गाडी लावलेल्या माणसाला काय बोध होणार?

तर रोज सांगता येईल ते असं: आज पाणी काठापासून किती खाली आहे आणि काठ गाळाचा आहे की खडकाचा. आज दरवाजे उघडणार का, किती वाजता. वरच्या खोऱ्यात पाऊस सुरू आहे का. कालव्याला पाणी सोडलंय का, कारण कालव्याच्या काँक्रीटच्या उताराला शेवाळ असतं आणि आत पडलेल्याला पकडायला काही सापडत नाही.

ओढ्याच्या, धबधब्याच्या ठिकाणी उभ्या असणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. लोंढा येण्याआधी बहुतेक वेळा पाणी सांगतं. स्वच्छ पाणी अचानक तांबूस होतं. पाचोळा, काटक्या, फेस वाहून यायला लागतात. पायाजवळचा एखादा दगड मघाशी उघडा होता तो बुडालेला दिसतो. आवाज बदलतो. यातलं एकही दिसलं की चप्पल, पिशवी, फोन काही न उचलता वर चढायचं, आणि चढायचं ते आडवं, काठाकडे. प्रवाहाच्या दिशेने पळायचं नाही. कधी कधी यातलं काहीच दिसत नाही आणि भिंतच येते, म्हणून घाटात काळे ढग असताना धबधब्याखाली उभंच राहू नये.

---

एकतानगरी

सिंहगड रोडला राहतो. २५ जुलै २०२४ ची पहाट आमच्या सोसायटीतलं कुणीही विसरणार नाही. आम्हाला कळलं ते पार्किंगमध्ये पाणी शिरल्यावर. खालच्या मजल्यावरच्या आजींना खुर्चीत बसवून जिन्यावरून वर नेलं. त्याच पहाटे पुलाची वाडीत तिघे विजेच्या धक्क्याने गेले.

इशारा दिला होता असं नंतर सांगण्यात आलं. दिला असेल. पण रात्री झोपलेल्या माणसाला ट्विटरवरचा आकडा जागा करत नाही. २०२३ मध्ये सगळ्यांच्या फोनवर एकदम कर्कश आवाज करून चाचणीचा संदेश आला होता, आठवतंय का? ती सोय आहे. ठरावीक टॉवरच्या हद्दीतल्या सगळ्या फोनवर संदेश टाकता येतो, नंबर माहीत नसले तरी. धरणाच्या काठावर रविवारी दुपारी आणि नदीकाठच्या वस्तीत मध्यरात्री हेच हवं. मुठाकाठची, तुमच्या मागणीत हे घाला.

---

रविवारचा_भटक्या

फोनचा मुद्दा चांगला आहे, पण ताम्हिणीत, अंधारबनात, पवनेच्या मागच्या अंगाला रेंज कुठे असते? तिथे माणूसच उभा करावा लागेल आणि त्याचा पगार कोण देणार?

दंडाचं मी अजूनही म्हणेन. मिशिगनमध्येसुद्धा दंड आहेच की.

---

मुठाकाठची

आहे, पण दोन लाल झेंडे लागलेल्या दिवशी. हिरव्या दिवशी लोक मनसोक्त पोहतात. वर्षभर बंदी लावली की पोलिसही ती वर्षभर राबवू शकत नाहीत आणि मग ज्या दिवशी खरंच जीव जाणार असतो त्या दिवशीही ती कुणाला खरी वाटत नाही. दंड करायचाच तर त्या दिवसाचा धोका सांगून करा.

---

चौपाटीची_गाडी

नमस्कार. आमची खडकवासल्याला भज्यांची गाडी आहे, वडिलांपासून. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, शनिवार-रविवार गाडीवर असतो.

माणूस उभा करायचा म्हणताय, माणसं आहेतच की. आम्ही सकाळपासून रात्रीपर्यंत पाण्याकडे तोंड करून उभे असतो. कोण पाण्यात चाललंय, कुठे चाललंय, दारू पिऊन आलंय का, आम्हाला पहिलं दिसतं. वडील ओरडून ओरडून मागं बोलवतात. लोक म्हणतात, 'तुम्ही भजी तळा.' आमच्या हातात काहीतरी अधिकाराचं असेल, एखादं जॅकेट, शिट्टी, झेंडा, तर ऐकतील. नुसतं भजीवाल्याचं कोण ऐकतंय?

गाडीखाली आम्ही एक दोर ठेवलाय, नायलॉनचा जाड. टोकाला तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन बांधलाय, झाकण घट्ट लावून. आत वाटीभर पाणी घातलंय, नाहीतर वाऱ्यानं कॅन उडतो आणि लांब जात नाही. पाण्यात न उतरता फेकता येतो. तीन गाड्यांवर आता असे दोर आहेत. बुडणाऱ्याच्या जवळ जायचंच नाही, तो गळ्याला मिठी मारतो आणि दोघं जातात, हे आमच्या इथल्या पोहणाऱ्या पोरांनी आम्हाला शिकवलंय.

सकाळचा अंदाज कुणी फोनवर पाठवला तर फळ्यावर लिहायला मी तयार आहे. आमच्याकडे भज्यांच्या दरांचा फळा आहेच.

---

ढगांचा_नकाशा

@चौपाटीची_गाडी, तुमचा दोर वाचून फार बरं वाटलं. तुम्ही आणखी एक करा. रोज संध्याकाळी एका वहीत लिहून ठेवा: पाणी कुठवर होतं, किती जण उतरले, कुणी अडचणीत आलं का, कुठे आणि साधारण किती वाजता. नोआचं गणित जीवरक्षकांच्या वह्यांवर उभं आहे असं वर लिहिलंय ते याचसाठी. एका पावसाळ्याची तुमची वही असेल तर कोणत्या वेळी, कोणत्या कोपऱ्यात धोका वाढतो हे दाखवता येईल. मग संबंधित कार्यालयात नुसतं गाऱ्हाणं घेऊन जावं लागणार नाही. घाटमाथ्याचा पावसाचा इशारा आणि तीन तासांचा तत्काळ अंदाज मी तुम्हाला सोप्या मराठीत रोज पाठवतो. व्यनि (खाजगी निरोप) केला आहे.

---

विहिरीतला_पोहणारा

दोर फेकायचा सराव हवा. पहिल्यांदा फेकणाऱ्याचा दोर स्वतःच्याच पायात अडकतो. गुंडाळी सैल करून डाव्या हातात धरायची, शेवटचं टोक पायाखाली दाबायचं आणि माणसाच्या डोक्यावरून पलीकडे टाकायचा, म्हणजे तो त्याच्या अंगावर पडतो. ओढताना आपण बसून ओढायचं, उभ्याने नाही. गाळावर पाय घसरतो. येत्या शनिवारी सकाळी लवकर मी येतो, गर्दी व्हायच्या आत. कोरड्या जमिनीवर करू आधी.

---

मुठाकाठची

मीही येते. फळ्यासाठी हा मजकूर सुचतोय, सुधारणा सांगा:

*आज, शनिवार. सकाळी ८ चा अंदाज.*
*धोका: जास्त.*
*घाटात जोरदार पाऊस. दुपारी धरणातून पाण्याचा विसर्ग वाढण्याची शक्यता.*
*काठ गाळाचा आहे. पाण्यात उतरू नका.*
*कुणी बुडताना दिसलं तर आत जाऊ नका. दोर गाडीखाली आहे. ११२ ला फोन करा.*

---

सांडवा

चांगला आहे. तीन बदल करा. 'विसर्ग' काढा, 'नदीचं पाणी वाढणार' लिहा आणि दुपारी म्हणजे किती वाजता ते लिहा. वेळ पक्की नसेल तर '१२ नंतर कधीही' लिहा. 'काठ गाळाचा आहे' याच्यापुढे कोणत्या बाजूला ते लिहा, चौपाटीची उजवी बाजू जास्त वाईट आहे. आणि ज्या दिवशी धोका कमी असेल त्या दिवशी फळा पुसून ठेवू नका, 'आज कमी' असंही लिहा आणि खाली दुसऱ्या दिवशीच्या अंदाजाची वेळ टाका, नाहीतर लोक कालचंच वाचतील.

पाटबंधारे खात्याच्या शाखेत माझ्या ओळखीचे एक-दोघे अजून आहेत. दरवाज्यांची वेळ ठरली की ती चौपाटीवर कळवता येईल का, ते सोमवारी जाऊन विचारतो. गाडीवरच्या मुलाचा नंबर व्यनि करा.